लकव्यानंतरचा हात, दुपारची झोप आणि रात्री दहाचा व्यायाम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६४ वर्षांचे, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराच सावरला, घरातल्या घरात काठीशिवाय चालतात. हात मात्र मागे राहिलाय. मूठ वळते, पण उघडताना जड जाते. कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत ऐकलं की मेंदू झोपेत हालचाली पाठ करतो आणि झोपण्याआधी केलेला व्यायाम वीस टक्के जास्त लागू पडतो. तेव्हापासून घरात रात्री दहाला अर्धा तास हाताचा व्यायाम सुरू झालाय. दुपारी जेवल्यावर बाबा तास-दीड तास झोपतात, तो आळस वाटून आई त्यांना उठवते. रात्री ते घोरतात, दोन-तीनदा लघवीला उठतात. तुम्ही विचारताय: व्यायाम रात्रीच ठेवायचा का, दुपारची झोप बंद करायची का, आणि झोपेची गोळी सुरू केली तर हात लवकर सुधारेल का?

आधी उत्तर देते, कारणं मग. रात्री दहाचा व्यायाम थांबवा आणि तोच वेळ सकाळ-संध्याकाळ वाटून द्या. दुपारची झोप राहू द्या, फक्त तिला थोडा लगाम घाला. गोळी स्वतःहून नको. आणि घोरण्याकडे लगेच लक्ष द्या. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते या सगळ्यात तोच सर्वांत मोठा मुद्दा आहे.

मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट आहे, वीसेक वर्षं लकव्याच्या पेशंटसोबतच काम करतेय. तरी बाबांना मी तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा. झटका मेंदूच्या कोणत्या भागात आला, किती मोठा होता, खांदा दुखतो का, मन खचलंय का, साखर आणि बीपी कसं आहे, यावर बरंच काही बदलतं. उदाहरणार्थ, थॅलॅमस या खोलवरच्या भागात इजा झाली असेल तर माणूस दिवसभर पेंगतो, आणि ती झोप आजाराचाच भाग असते. तिथे माझी वेळापत्रकं उपयोगाची नाहीत.

आता त्या वीस टक्क्यांकडे येऊ. तो आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. २००२ साली हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉकर, रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 'न्यूरॉन' या नियतकालिकात आला, तिथला तो आहे. प्रयोग इतका साधा की तुम्ही घरी करून बघू शकता. कीबोर्डवरच्या १ ते ४ या आकड्यांवर डाव्या हाताची चार बोटं ठेवायची आणि ४-१-३-२-४ हा क्रम जमेल तितक्या वेगाने, न चुकता टाइप करत राहायचं. तीस सेकंद टायपिंग, तीस सेकंद विश्रांती, अशा बारा फेऱ्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बोटं अडखळतात, मग वेग येतो, मग तो एका पातळीवर थांबतो. बारा तासांनी पुन्हा चाचणी घ्यायची. मधले बारा तास जागेपणात गेले असतील तर वेग जवळजवळ तिथल्या तिथेच. मध्ये रात्रीची झोप झाली असेल तर एकही जादा फेरी न करता वेग साधारण वीस टक्क्यांनी वाढलेला, आणि चुका वाढलेल्या नाहीत. ज्यांना पहाटेच्या बाजूला नॉन-रेम झोपेचा (स्वप्नांची रेम झोप सोडून उरलेली झोप) दुसरा टप्पा जास्त मिळाला, त्यांची सुधारणाही जास्त.

व्हिडिओवाल्यांनी यातला एक भाग गाळला, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. त्या प्रयोगात एका गटाने सकाळी दहाला सराव केला होता. रात्री दहाला त्यांच्यात खास फरक नव्हता. पण ते घरी जाऊन झोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आले, तेव्हा त्यांचाही वेग वाढलेला होता. म्हणजे सकाळी केलेला सराव वाया गेला नाही, दिवसभर थांबला आणि रात्री कामी आला. झोपेच्या अगदी तोंडावर सराव केला तरच फायदा, असं हे संशोधन म्हणत नाही. दमलेल्या माणसाला रात्री दहाला खुर्चीत बसवण्याला त्याचा आधार घेता येत नाही.

पुढची गोष्ट सांगायला मला आवडतं, कारण विज्ञान कसं पुढे सरकतं ते त्यात दिसतं. २००८ मध्ये सॅन डिएगोचे मानसशास्त्रज्ञ टिमथी रिकर्ड आणि त्यांच्या गटाने याच प्रयोगाची फेरतपासणी केली. त्यांचा आक्षेप असा होता. तीस-तीस सेकंद सलग टाइप केल्यावर बोटं दमतात, लक्ष विटतं. सरावाच्या शेवटच्या फेऱ्या त्यामुळे खऱ्या क्षमतेपेक्षा कमी दिसतात. दुसऱ्या दिवशी माणूस ताजातवाना येतो आणि पहिल्याच फेरीत वेग 'वाढलेला' दिसतो. ती शिकण्यातली वाढ नसून थकवा उतरल्याचा परिणाम असू शकतो. सराव छोट्या तुकड्यांत दिला, सरासरी काढण्याची पद्धत सुधारली, तर झोपेमुळे होणारी ती जादुई वाढ बरीचशी विरघळते, असं त्यांनी दाखवलं. २०१५ मध्ये त्यांच्याच गटाने तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचाही सूर तोच होता. त्याच वर्षी जर्मनीतल्या यान बॉर्न यांच्या गटाचा अभ्यास आला. झोपेवरच्या संशोधनात हा गट जुना आणि मातब्बर. त्यांचा निष्कर्ष मधल्या वाटेचा होता: झोप कौशल्य वाढवते असं म्हणण्यापेक्षा ती ते टिकवते, दिवसभरात होणारी झीज भरून काढते.

मी स्वतः या दुसऱ्या बाजूला झुकते. माझ्या कामात रोज दिसणारं चित्रही त्याच्याशी जुळतं. संध्याकाळी पाचला शेवटचा पेशंट असतो, त्याची मूठ चौथ्या-पाचव्या वेळेनंतर उघडेनाशी होते. तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येतो आणि पहिल्याच प्रयत्नात बोटं सोडतो. नातेवाईक खूश होतात: 'मॅडम, रात्रीत फरक पडला!' फरक काही अंशी रात्रीचा आणि बराचसा दम उतरल्याचा. शिकणं किती झालं ते पाहायचं तर ताज्या हाताची तुलना ताज्या हाताशीच करायला हवी. यावर खाली पुन्हा येते.

पण मग झोपेत मेंदू काहीच करत नाही का? करतो, आणि बरंच करतो. मला खरी उत्सुकता याच भागाची वाटते.

नॉन-रेम झोपेत ईईजीवर, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखावर, दोन गोष्टी ठळक दिसतात. एक म्हणजे संथ, मोठ्या लाटा. सेकंदाला एक किंवा त्याहून कमी वेगाने येणाऱ्या लाटांना स्लो ऑसिलेशन म्हणतात, त्याहून थोड्या जलद असतात त्या डेल्टा लाटा. दुसरी म्हणजे स्पिंडल, अर्ध्या ते दोन सेकंदांचा एक छोटा झपाटा, ज्यात मेंदू सेकंदाला साधारण बारा ते पंधरा वेळा थरथरतो. कागदावरचा आकार चातीवरच्या सुतासारखा दिसतो म्हणून ते नाव. शिकलेल्या हालचालीची उजळणी होते ती बहुधा या स्पिंडलच्या आसपास.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रात करुणेश गांगुली नावाचे न्यूरोलॉजिस्ट आहेत. ते लकव्याचे पेशंटही बघतात आणि प्रयोगशाळाही चालवतात, म्हणून त्यांचं काम मी आवर्जून वाचते. त्यांच्या गटाने उंदरांच्या मोटर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या भागात, बारीक इलेक्ट्रोड बसवले. त्या पेशींच्या हालचालीवर पाण्याची नळी सरकेल अशी जोडणी केली. उंदराने पंजा हलवायचा नाही, नुसत्या मेंदूच्या जोरावर नळी आपल्याकडे आणायची. उंदीर हे शिकतो. नंतर तो झोपला की गाढ झोपेत त्याच पेशी पुन्हा एकत्र चेततात. ज्या पेशींनी काम केलं होतं त्यांची जोडणी झोपेनंतर घट्ट होते, आणि ज्या नुसत्याच गलका करत होत्या त्या मागे पडतात.

२०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेला त्यांचा पुढचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. झोपेतल्या सगळ्याच संथ लाटा सारख्या कामाच्या नसतात, असं त्यात निघालं. प्रकाशाने पेशी चालू-बंद करण्याच्या तंत्राने त्यांनी एकदा स्लो ऑसिलेशनच्या वेळची पेशींची हालचाल दाबली, तर उंदीर शिकलेलं विसरायला लागले. डेल्टा लाटांच्या वेळची दाबली, तर उलट कौशल्य जास्त चांगलं टिकलं. म्हणजे एकाच झोपेत राखणं आणि पुसणं ही दोन्ही कामं चालतात. स्पिंडल कुणाच्या जोडीने येतो, स्लो ऑसिलेशनच्या की डेल्टाच्या, यावर काय राहणार आणि काय जाणार ते बरंचसं ठरतं.

लकव्याशी याचा थेट संबंध याच गटाच्या २०२२ च्या अभ्यासात आला. पंजाने खाऊची गोळी उचलायला शिकलेल्या उंदरांच्या मेंदूत मुद्दाम छोटा स्ट्रोक घडवला आणि पुढचे दिवस त्यांची झोप मोजली. झटक्यानंतर सुरुवातीला स्पिंडलची स्लो ऑसिलेशनशी असलेली जोडी विस्कटलेली होती, डेल्टाशी जास्त जुळलेली. पंजा जसजसा सुधारत गेला तसतशी ही जोडी पुन्हा जुळत गेली. मेंदूतला गाबा हा रासायनिक ब्रेक थोडा सैल करणारं औषध दिलं, तर ती जुळणी स्लो ऑसिलेशनच्या बाजूने सरकली. हे उंदरांचं आहे. असं कोणतंही औषध आज पेशंटसाठी नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. पण मेंदूला इजा झाली की झोपेचं हे कामही जखमी होतं आणि हातासोबत तेही बरं व्हायला लागतं, ही कल्पना आम्हा लोकांच्या डोक्यात त्यामुळे पक्की बसली.

माणसात असं थेट पाहणं अवघड, कारण कुणाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवणार? तरी एक उदाहरण आहे. अमेरिकेत ब्रेनगेट नावाचा, मेंदू संगणकाशी जोडण्याचा प्रकल्प आहे. तिथे हातपाय न चालणाऱ्या एका व्यक्तीच्या मोटर कॉर्टेक्समध्ये आधीच इलेक्ट्रोड होते. त्याने दिवसा नुसत्या मनाने एक खेळ खेळला, रंगांचा क्रम लक्षात ठेवून त्याच क्रमाने पडद्यावरचा बाण न्यायचा. रात्री तो घरी झोपला असताना नोंद चालू ठेवली, तेव्हा दिवसाच्या त्याच क्रमाचे ठसे झोपेत पुन्हा उमटलेले सापडले, मुख्यतः गाढ झोपेत. हा अभ्यासही २०२२ चाच. एकच माणूस, पण माणूस.

आणि लकव्याच्या पेशंटचं काय? कॅथरीन सिएन्गसुकॉन आणि लारा बॉइड या दोघी मूळच्या फिजिओथेरपिस्ट. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी स्ट्रोक होऊन गेलेल्या लोकांना पडद्यावरच्या हलत्या लक्ष्याचा जॉयस्टिकने पाठलाग करायला शिकवलं. मध्ये झोप मिळालेल्या पेशंटची कामगिरी सुधारली, जागे राहिलेल्यांची नाही. त्याच वयाच्या निरोगी माणसांत मात्र झोपेचा असा फायदा दिसला नाही. वाढत्या वयात झोपेचा हा लाभ कमी होतो हे इतर प्रयोगांतही दिसलेलं आहे, त्यामुळे स्ट्रोकच्या पेशंटमध्ये तो दिसणं जरा आश्चर्याचंच. गट छोटे होते आणि रिकर्ड यांचे आक्षेप इथेही लावून बघायला हवेत. म्हणून मी याच्या जोरावर टक्केवारी सांगत नाही. मात्र पेशंटची झोप फालतू समजू नका, एवढं सांगायला हा आधार मला पुरेसा वाटतो.

तर आतापर्यंतचं एका दमात: झोप नवीन काही शिकवत नाही. दिवसा जे घडलं तेच ती निवडून राखते किंवा सोडते. दिवसा काहीच घडलं नसेल तर रात्री राखायला काही नसतं.

म्हणून तुमच्या घरात 'व्यायाम कधी' याच्याही आधी 'किती आणि कोणता' हे बघावं लागेल. फिजिओथेरपी-संशोधक कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांत बसून मोजलं होतं. ज्या सत्रांत हाताने प्रत्यक्ष काम करण्याचा सराव झाला, तिथेही सरासरी ३२ वेळाच ती हालचाल होत होती. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकड्यांनी पुनरावृत्ती लागतात. आपल्याकडे घरी तर बहुतेक वेळा नातेवाईकच हात वर-खाली करून देतात आणि पेशंट टीव्ही बघत असतो. त्याने सांधे मोकळे राहतात, ते हवंच. पण तो मेंदूचा सराव नव्हे. हालचाल करायचा प्रयत्न बाबांचा असला पाहिजे, अर्धवट का होईना.

बाबा शिंपी आहेत, हे तर आयतं भांडवल आहे. रबरी चेंडू दाबायला देऊ नका. मूठ वळते असं तुम्हीच लिहिलंय, अडचण सोडण्यात आहे आणि चेंडू दाबून दाबून वळणंच पक्कं होतं. टेबलावर रिकामी रिळं ठेवा, मोठी. बाबांनी पुढे वाकून रीळ पकडायचं, डावीकडच्या ताटलीवर न्यायचं आणि सोडायचं. बोटं सुटत नसतील तर मनगट खाली झुकवू द्या. मनगट खाली गेलं की बोटांचे स्नायुबंध ढिले पडतात आणि बोटं आपोआप थोडी उघडतात. मनगट वर उचलून धरलं की ती आवळतात. तुम्ही एक-एक बोट ओढून सोडवू नका, त्याने ताठरपणा चाळवतो. आठ-दहा रिळं झाली की हात मांडीवर ठेवून मिनिटभर विश्रांती, मग पुन्हा. रिळं जमली की कोटाची मोठी बटणं, मग शर्टाची. कापडाची घडी घालणं, टेप गुंडाळणं हे दोन्ही हातांनी. सुई-कात्री आत्ता नको, विशेषतः उजव्या हाताची संवेदना कमी असेल तर. सकाळी नाश्त्यानंतर अर्धा तास, अकराच्या सुमारास वीस मिनिटं, संध्याकाळी पाचला अर्धा तास. खांदा दुखायला लागला की तिथेच थांबायचं आणि तुमच्या फिजिओंना कळवायचं.

लगोलग दुसरी हालचाल शिकवायची घाईही करू नका. एमआयटीतल्या एका प्रयोगात, १९९६ साली, हाताने यंत्राचा दांडा एका विशिष्ट दाबाविरुद्ध हलवायला लोकांना शिकवलं होतं. लगेच उलट दाबाचं शिक्षण दिलं तर पहिलं पुसलं गेलं. मध्ये चार तास सोडले तर दोन्ही टिकली. घरातल्या व्यायामाला हा चार तासांचा नियम काटेकोर लावू नका, तिथली हालचाल खूप वेगळी होती. पण विरजण लावून दर पाच मिनिटांनी ढवळून बघू नये, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. एका सत्रात एकच नवीन गोष्ट ठेवा, बाकी जुन्याची उजळणी.

आणि 'जास्त म्हणजे चांगलं' हेही बिनशर्त खरं नाही. अॅव्हर्ट नावाची मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, दोन हजारांहून जास्त पेशंट त्यात होते. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत जोरात उठवणं-चालवणं सुरू केलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा उलट थोडी वाईट निघाली. बाबांचा तो काळ मागे गेलाय, त्यामुळे तुम्ही घाबरू नका. पण तुम्हाला कुणी 'आता सोडू नका, रगडा' असं सांगत असेल तर त्यांना हे सांगा.

दुपारची झोप. आईंना माझ्याकडून सांगा की हा आळस नाही. स्ट्रोकनंतरचा थकवा हा एक वेगळाच प्रकार असतो, आंघोळ करून आलं तरी माणूस शेतात दिवसभर राबल्यासारखा गळून जातो. सकाळी मनापासून सराव केला तर तो आणखी जाणवतो. तरुण, निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगांत सकाळच्या सरावानंतर दुपारी तासभर झोप दिली तर बोटांचा वेग त्याच संध्याकाळी वाढलेला दिसला होता. न झोपलेल्यांनी रात्रीच्या झोपेनंतर ती तूट बरीचशी भरून काढली. म्हणजे दुपारची झोप नुकसान करत नाही आणि ती मुद्दाम औषधासारखी द्यायलाही नको. लगाम एवढाच: दीडच्या सुमारास, पाऊण तास ते तास, तीनच्या आत जाग. पाच वाजेपर्यंत झोपले तर रात्री टक्क जागे राहतील. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं अंग जड असतं, तेवढ्यात व्यायामाला बसवू नका, पडायची भीती असते.

आता घोरणं. स्ट्रोक झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांत झोपेत श्वास अडण्याचा आजार सापडतो, त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. कित्येकांना तो झटक्याच्या आधीपासूनच असतो आणि झटक्याला हातभारही लावतो. घशाचा मार्ग मिटतो, श्वास दहा-वीस सेकंद थांबतो, प्राणवायू खाली जातो, मेंदू दचकून झोप उथळ करतो, मोठा घुरका येऊन श्वास सुरू होतो. रात्रभर असं चाललं तर वर सांगितलेली ती स्लो ऑसिलेशन-स्पिंडलची जोडी जुळणार कधी? शिवाय बीपी चढतं, पुढच्या झटक्याचा धोका वाढतो. वारंवार लघवीला उठणंही कधी कधी याच आजाराचं लक्षण असतं. प्रोस्टेट, साखर, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी ही इतर कारणं. त्यामुळे तुम्ही ज्याला दुपारचा आळस म्हणताय, तो रात्रीच्या तुटक्या झोपेचा हिशेब असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

करायचं असं. रात्री ते गाढ झोपल्यावर मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ घ्या, छाती आणि तोंड दिसेल असा. घोरण्याचा आवाज मध्येच बंद पडतो आणि मग धक्क्याने सुरू होतो का, ते बघा. तो व्हिडिओ न्यूरोलॉजिस्टना दाखवा आणि स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोप आणि श्वास मोजायची तपासणी, करायची का ते विचारा. तोवर उताणं न झोपवता कुशीवर झोपवा, दुबळा हात उशीवर नीट आधार देऊन. अॅप्निया निघालाच तर सीपॅप नावाचं हवेचं यंत्र लावायला सांगतील. पहिल्या आठवड्यात बाबा ते काढून फेकतील, बहुतेक जण फेकतात. मास्कचा आकार बदलून, दिवसा टीव्ही बघताना लावायची सवय करून बरेच लोक रुळतात.

गोळीला मी नाही म्हणते, कारण अॅप्निया असेल तर काही झोपेच्या गोळ्यांनी श्वास आणखी अडतो. शिवाय नेहमीच्या झोपेच्या आणि चिंतेच्या अनेक गोळ्या गाबाचा तोच ब्रेक घट्ट करतात, आणि हात परत मिळवायच्या काळात डॉक्टर शक्यतो त्या टाळतात. रात्री बाथरूमला जाताना तोल जाण्याचा धोका वेगळाच. मात्र आधीपासून एखादी गोळी चालू असेल तर ती तुम्ही होऊन बंद करू नका, लघवीच्या किंवा बीपीच्या गोळीची वेळही स्वतः बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कधीही अचानक नवी गुंगी आली, हाक मारूनही नीट जागे होईनात, बोलणं किंवा चेहरा बदलला, तर फिजिओची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

शेवटी मोजमाप, वर कबूल केल्याप्रमाणे. दर रविवारी सकाळी, त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत. आधी पाच मिनिटं हात सैल करून घ्या, कारण रात्रभर न हललेला हात सकाळी ताठच असतो. मग एका मिनिटात किती रिळं ताटलीत सोडली ते मोजून वहीत लिहा, बाजूला आदली रात्र कशी गेली ते एका शब्दात. रोज मोजू नका. रोजच्या आकड्यात दम, मूड आणि हवाच जास्त दिसते, आणि आकडा खाली गेला की बाबा खट्टू होतील. दीड-दोन महिन्यांची पानं भरली की ती वही तुमच्या फिजिओंसमोर ठेवा. आकडा हलतच नसेल तर व्यायामाचा प्रकार बदलायचा की ताठरपणावर इंजेक्शनचा विचार करायचा, हे त्यांना आणि न्यूरोलॉजिस्टना ठरवता येईल.

पुन्हा लिहाल तेव्हा सीटी किंवा एमआरआयच्या रिपोर्टमधली शेवटची चार-पाच ओळींची नोंद, चालू गोळ्यांची नावं आणि घोरण्याच्या व्हिडिओत काय दिसलं ते कळवा. नाव-पत्ता गाळून टाका, तो मला नको आहे.